साक्षरता-स्वयंसेवक आणि संस्थांचे कर्तव्य



दि. ३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा राज्य ‘उल्लास’ कार्यक्रमाखाली संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झाले. या कार्यक्रमात शिकविणारा स्वयंसेवक मानधन घेत नाही. केरळातील एर्णाकुळम जिल्ह्याची १९८९-९० सालची मोहीमही हजारो स्वयंसेवकांच्या बळावरच यशस्वी झाली होती. परंतु वेतन नाही, म्हणून त्या श्रमाला मोल नाही, असा समज संस्थांत हळूच शिरतो आणि कार्याला तेथेच कीड लागते.

वस्तुस्थिती पाहावी. प्रौढांना सवड मिळते ती दिवेलागणीनंतर. शिकविणारी बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थिनी, किंवा घरचे सारे आटोपून आलेली गृहिणी. खडू तिनेच आणावयाचे, बसभाडे तिनेच भरावयाचे. पावसाळ्यात वीज गेली, तर मेणबत्तीही तिचीच! रक्कम क्षुल्लक असते. पण ती मागताना तिला संकोच वाटतो आणि न मागता कोणी देत नाही. पदरचा खर्च परत करणे म्हणजे मानधन देणे नव्हे. पंचायतीने वा शाळेने तो महिनाअखेरीस आपण होऊन चुकता करावा.

दुसरी अडचण पैशाची नाही. चाळिशी उलटलेल्या स्त्रीला पुष्कळदा जवळचे अक्षर अंधुक दिसते. आपल्याला हे जमणारच नाही, असे समजून ती वर्ग सोडते. आणि स्वयंसेविकेला वाटते, आपल्यालाच शिकविता येत नाही. चष्म्याने सुटणारा प्रश्न दोघींचाही धीर खचवितो. नेत्रतपासणीची व्यवस्था करणे हे संस्थेचे काम. पण अडचण कानी पडली तर ना! यास्तव महिन्यातून एकदा अनुभवी शिक्षकाने तिच्याशी निवांत बोलावे, अहवाल मागण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी. नोंदणीचे काम शाळेनेच उचलावे.

कामाची मुदत आरंभीच ठरवावी. परीक्षेच्या वा सुगीच्या दिवसांत दुसरी व्यक्ती नेमावी. सुटका नाही असे दिसले, की माणूस न सांगता येईनासा होतो आणि अर्धे पुस्तक झालेले विद्यार्थी उघड्यावर पडतात.

समारंभांविषयी काय बोलावे! हार व्यासपीठावर, आणि जिने अक्षरे गिरवून घेतली ती सतरंज्या उचलण्यास! प्रमाणपत्र द्यावयाचे तर वेळेवर द्यावे, आणि निदान त्यावर तिचे नाव तरी शुद्ध लिहावे.

घोषणेनंतरही नवसाक्षरांचे वाचन सुटू नये, म्हणून याच स्वयंसेवकांची गरज लागणार आहे. पंचायतींनी त्यांची यादी करावी आणि पुढील ग्रामसभेपूर्वी त्यांच्या घरी जाऊन, काय हवे-नको ते विचारावे.