विजेची सायकल आणि आपल्या मुलखातले चढ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काही मी सांगेन अशी त्यांची समजूत असावी. मी ‘विजेची सायकल’ म्हटले आणि ते थोडे हसले. पण पाळीवर जाणाऱ्या माणसाचा दिवस घराच्या उंबऱ्यापाशी सुरू होतो. तेथून कारखान्याच्या फाटकापर्यंत तो कसा पोहोचतो, किती दमून पोहोचतो आणि त्यासाठी पगारातले किती रुपये पेट्रोलात ओततो, हा प्रश्न संघटनेच्या कामाबाहेरचा आहे असे मला कधीच वाटले नाही.

मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. वॅट, व्होल्ट आणि अँपिअर हे शब्द मी कारखान्यातल्या मोटारींवरच्या पत्र्याच्या पाट्या वाचून शिकलो. तेव्हा आजचा हिशेब पाटीवरच्या आकड्यांचाच आहे. तो कोणालाही कळेल.

या सायकली घेणारे लोक प्रथम विचारतात, “कितीची मोटर?” कोणी २५० वॅट सांगतो, कोणी छातीठोकपणे ७५० सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की मोठा आकडा म्हणजे मोठे काम. आपण आपल्याच रस्त्यावर हे तपासून पाहू. माणूस ७० किलो, सायकल २५ किलो, आणि मागे १५ किलोचे ओझे. डबा, पाण्याची बाटली, परतताना भाजी, नाहीतर हंगामात हिरड्याचे गाठोडे. एकूण ११० किलो झाले. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ लागला, तर वजनाचा दहावा भाग, म्हणजे ११ किलो, आपल्याला मागे खेचत असतो. रस्त्याच्या घर्षणाचा एक किलो धरा. ही १२ किलोची ओढ तोडून ताशी १० किलोमीटरने चढायला साधारण सव्वातीनशे वॅट लागतात. कसलेला श्रमिक माणूस सतत ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. उरलेले सव्वादोनशे ते अडीचशे वॅट मोटारीने द्यावयाचे. म्हणजे पाय चालते ठेवले आणि घाई केली नाही, तर २५० वॅटची मोटर हा चढ चढते. तोच चढ ताशी वीसच्या वेगाने चढायचा म्हटला तर साडेसहाशे वॅट हवेत. शक्ती जास्त लागते ती वेगाच्या हौसेला, हे एकदा ध्यानात आले की दुकानदाराचा निम्मा जोर ओसरतो.

मग पाहायचे काय? चाकाला मिळणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात. मघाच्याच चढावर मध्यम आकाराच्या चाकाला सुमारे ४१ न्यूटन-मीटर पीळ लागतो. त्यातला चौथा-तिसरा हिस्सा पाय देतात. तेव्हा मागच्या चाकात बसवलेली हब मोटर असेल तर तिचा टॉर्क ३५ ते ४० च्या खाली नसावा. पाटीवर नुसते वॅट लिहिले असतील आणि टॉर्क लिहिला नसेल, तर तो विचारून घ्यावा. कंट्रोलर किती अँपिअरचा आहे तेही विचारावे. ३६ व्होल्टच्या बॅटरीला १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर क्षणभर ५४० वॅटपर्यंत वीज ओढली जाते. ‘अडीचशे’ची मोटर चढाच्या तोंडाशी पाचशेसारखी वागते, ती त्यामुळे. मात्र ती क्षणभरच तशी वागेल. लांब चढावर हब मोटर संथ फिरू लागली की वीज कामाऐवजी उष्णतेत जाते आणि ती तापते. ज्याला रोज घाट चढायचा आहे त्याने पायडलच्या मधोमध बसवलेली मोटर पाहावी. ती सायकलच्या गिअरमधून काम करते, म्हणून हलक्या गिअरवर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. तिची किंमत पुष्कळ जास्त, आणि साखळीही लवकर झिजते. सपाटीवरच्या माणसाने तो खर्च करू नये असे माझे मत आहे.

आता बॅटरी. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. चार्जरमधले नुकसान धरूनही भरायला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर वीज लागते. सपाटीवर पाय मारीत गेले तर किलोमीटरला दहाएक वॅट-तास जातात, म्हणजे पस्तीसेक किलोमीटरची मजल. परंतु डिंभ्याचे पाणी मागे टाकून तळेघरावरून भीमाशंकरकडे निघालात तर हा हिशेब मोडतो. ११० किलोचे ओझे ३०० मीटर उंच नेण्यालाच ९० वॅट-तास लागतात, आणि मोटारीतली गळती मिळवली की १२०. बॅटरीचा तिसरा हिस्सा नुसत्या उंचीत गेला, अंतर वेगळेच. मंचरहून भीमाशंकर साठेक किलोमीटर आहे. एका लहान बॅटरीवर हा प्रवास होतो असे जो सांगतो, त्याला बरोबर घेऊन निघावे. उतारावर वीज परत मिळते अशीही एक गोड समजूत आहे. बहुतेक गिअरच्या हब मोटारी उतारावर मोकळ्या फिरतात, त्या काही परत देत नाहीत. उतारावर कामाला येतात ते ब्रेक. तेव्हा दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असावेत, आणि आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या पावसाळ्यात त्यांचे पॅड वरचेवर पाहावे. तांबडी माती ते खाऊन टाकते.

येथवर यंत्राचे झाले. ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तो भाग कायद्याचा आहे.

आपल्याकडे जी विजेची दुचाकी अर्ध्या तासाच्या सलग मोजणीत पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी सोडून ६० किलोंपेक्षा कमी वजनाची असते, ती कायद्याने मोटारवाहन धरली जात नाही. तिला नंबर नको, चालकाला परवाना नको. युरोपातही २५० वॅट आणि ताशी २५ हीच मर्यादा आहे. अमेरिकेत ७५० वॅटपर्यंत चालते. तेथला माल येथे ‘बिनपरवान्याचा’ म्हणून खपवला जातो, त्याचे मूळ येथे आहे. पायडल न मारता ताशी चाळीसने पळणारी ७५० वॅटची ‘सायकल’ आपल्या देशात मोटारवाहन आहे. तिला नोंदणी हवी, विमा हवा, परवाना आणि हेल्मेट हवे. सूट मिळण्याजोगी गाडी आहे हे तपासणी संस्थेने प्रमाणित करावे लागते. अशी एक संस्था, ए.आर.ए.आय., पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून आहे. त्या प्रमाणपत्राची प्रत दुकानदाराकडे मागण्यात संकोच करू नका.

हे सगळे कागद कशासाठी, असे तरुण पोरे मला विचारतात. २००३ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. घरून कामावर जाताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, कामाच्या ओघातला धरता येतो, असे न्यायालयाने म्हटले. राज्य विमा योजनेच्या कायद्यात तशी तरतूद २०१० पासूनच आहे. त्या बाईने बावीस वर्षे वाट पाहिली. आता अशा प्रसंगी आपला माणूस बिननोंदणीच्या, बिनविम्याच्या गाडीवर सापडला, तर समोरच्या वकिलाच्या हाती आपण होऊन आयते शस्त्र दिल्यासारखे आहे. आणि त्याच्या धडकेने दुसरा कोणी जखमी झाला, तर ती भरपाई त्याच्या घरादारावर येते.

म्हणून मी अंतराप्रमाणे सल्ला देतो. कारखाना, बाजार किंवा शाळा आठ-दहा किलोमीटरच्या आत असेल, वाट गावरस्त्याची असेल, तर अडीचशे वॅटची खरी सायकल घ्या. पारगावच्या किंवा निवृत्तीनगरच्या साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांना ती पुरते. पण मंचरहून चाकणला, म्हणजे तीसेक किलोमीटर, पुणे-नाशिक रस्त्याच्या ट्रकांमधून ताशी पंचवीसने सायकल नेणे हे मला धाडसाचे वाटते. त्याने नोंदलेली विजेची स्कूटर किंवा मोपेड घ्यावी. पुण्याच्या फिरोदियांची लूना १९७२ साली आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर परत आली. बजाजची चेतकही २०२० पासून विजेवर धावते. ही नावे उदाहरणादाखल घेतली, मी कोणाचा एजंट नव्हे.

एक गोष्ट शहरी पुस्तकांत सापडायची नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो, आणि विजेची सायकल आवाज करीत नाही. मोपेडच्या फटफटीने जे जनावर आधीच बाजूला सरले असते, ते या मुक्या वाहनासमोर अवचित येऊ शकते. पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळीवाल्यांनी दोघे-तिघे मिळून, मोठ्याने बोलत जावे, मोबाईलवर गाणी लावावीत. सायकलीचा दिवा बॅटरीवर चालणारा आणि लांब प्रकाशाचा असावा. दिव्याला वीज फार लागत नाही. तेव्हा चार्ज वाचवण्यासाठी तो मालवून जाण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

आणि हौशी मंडळींना दोन शब्द. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली शेकरूसाठी राखले गेले. त्याच्या आतल्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीवाचून चाक नेऊ नये. खांडसकडून येणाऱ्या शिडीघाटात तर माणसालाच हातापायांनी चढावे लागते, तेथे पंचवीस किलोची सायकल खांद्यावर घेऊन कोण जाणार? जंगलाबाहेर, धरणाच्या कडेने गाड्यांच्या जुन्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांवर रुंद टायर, पुढचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि हलका गिअर यांचा जो उपयोग होतो, तो वाढीव वॅटांचा होत नाही.

विकत घेण्यापूर्वी सायकल दुकानासमोरच्या सपाटीवर फिरवू नका. ओझे बांधून जवळच्या चढावर न्या, मध्ये थांबवा आणि तेथूनच पुन्हा सुरू करा. जी तेथून उचलत नाही ती घाटातही उचलणार नाही. बॅटरी किलुपाने बंद होऊन काढता येते का, ती नवी किती रुपयांना आणि कोठे मिळते, हे बिलावर लिहून घ्या. ज्यांच्या कारखान्यात सायकली उभ्या करायला नुसता पत्रा आहे, त्यांनी पुढच्या मागणीपत्रकात तेथे सुरक्षित प्लगची एक ओळ घालावी. दर माणशी रोज अर्धे युनिट, एवढाच तो खर्च आहे.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे. किमती मात्र मला विचारू नका, त्या दर महिन्याला बदलतात.