मोटारीचा आवाज आणि तिचा जोम



निवृत्त शाळामास्तरानें अमेरिकन मोटारीच्या धुराच्या नळ्यांवर भाषण करावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विपरीत वाटेल. वर्षापूर्वीं मलाही तसेंच वाटलें असतें. परंतु मिशिगन राज्यांत मुलीकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, आणि माझ्या नातवानें तेथें १९६८ सालची एक मस्टँग मोटार विकत घेतलेली होती. गाडी जुनी, नळ्या गंजून चाळण झालेल्या. तेव्हां नव्या कोणत्या बसवाव्या हा प्रश्न उपस्थित झाला. "आजोबा, गाडी गल्लींत शिरतांच लोकांना कळलें पाहिजे," असें चिरंजीवांचें म्हणणें. शेजारच्या घरांत रात्रपाळीची एक परिचारिका राहत असे व दिवसां झोपत असे. तिलाही तें कळणारच होतें.

या जातीच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराच्या, फारशा महाग नसलेल्या गाडींत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें, ही त्यामागची कल्पना. १९६४ सालीं पाँटिॲकनें ३८९ घन इंचांचें इंजिन घालून 'जीटीओ' ही गाडी काढली, तेव्हांपासून ही जात नांवारूपास आली असें सामान्यतः मानतात. मस्टँगला जाणकार निराळ्या वर्गांत घालतात, पण तो वाद येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. आवाजाची हौस मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं कित्येक मोटारींना एक पायदांडी असे. ती दाबली कीं धूर सायलेन्सर वगळून थेट बाहेर पडे आणि गाडी गर्जे. म्हणजे सायलेन्सर रूढ होतो न होतो, तोंच त्याला चुकविण्याची युक्तीही निघाली होती!

नातवानें माझा सल्ला विचारला नाहीं, आणि मला तरी तेव्हां काय ठाऊक होतें? त्यानें तीन इंच व्यासाच्या दोन नळ्या, आंतून सरळ असलेले आंखूड सायलेन्सर, आणि दोन नळ्यांमध्यें सांधा मुळींच नाहीं, अशी योजना एका कारखान्याकडून करून घेतली. गाडी सुरू झाली तेव्हां माझ्या छातींत धडधडलें. परंतु चौकांतून निघतांना ती पूर्वीपेक्षां मंद वाटूं लागली, आणि ताशीं साठ मैलांच्या वेगास आंत असा घुमारा उठे कीं शेजारीं बसलेल्याशीं बोलणें अशक्य होई. अर्ध्या तासांत डोकें दुखूं लागे. आवाज दुप्पट, जोम कमी, हें कसें? या एका प्रश्नानें माझ्यांतील मास्तर जागा झाला.

इंजिनांतून धूर अखंड धारेनें बाहेर येत नाहीं; तो धक्क्याधक्क्यांनीं येतो. आठ सिलिंडरांच्या इंजिनांत आंसाच्या प्रत्येक फेऱ्यास चार स्फोट होतात. हे स्फोट एकंदरीनें समान अंतरानें, म्हणजे ९० अंशांनीं होतात खरे. परंतु एकाच बाजूच्या चार सिलिंडरांकडे पाहिलें तर त्यांच्या स्फोटांमधील अंतरें ९०, १८०, २७०, १८० अशीं विषम पडतात. अमेरिकन गाडीची ती सुप्रसिद्ध गुरगुर या विषमतेंतून जन्मते. दोन्ही बाजूंच्या नळ्या अगदीं वेगळ्या ठेवल्या तर गुरगुर उघडी व खडबडीत ऐकूं येते. त्यांच्यामध्यें इंग्रजी 'एच' अक्षरासारखी आडवी नळी जोडली तर धक्के कांहीं अंशीं वांटले जाऊन आवाज खोल व भारदस्त होतो. 'एक्स' सारखा सांधा केला तर ते अधिक मिसळतात, आणि आवाज गुळगुळीत व चढ्या पट्टीचा होतो. जुन्या गाडीला, माझ्या कानास तरी, पहिला सांधाच शोभतो.

आतां जोमाविषयीं. "इंजिनाला थोडा अवरोध हवाच असतो," असें पुष्कळ कारागीर सांगतात. हें बरोबर नव्हे. इंजिनाला अवरोध नको असतो. वायूचा वेग हवा असतो. धुराचा लोंढा नळींतून वेगानें गेला कीं त्याच्या मागून विरळपणाची एक लाट परत येते. ती नेमक्या क्षणीं झडपेपाशीं पोंचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणास जागा करून देते. जुन्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डऐवजीं प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र लांब नळी देणारे 'हेडर' बसवितात, ते याच कारणासाठीं. आणि खरा जोम मिळावयाचा तो बहुतांशीं तेथेंच. मागचा सायलेन्सर तेवढा बदलल्यानें शक्तींत जवळजवळ कांहींच भर पडत नाहीं.

नळीच्या व्यासाचा हिशेब तर पांचवीचा मुलगाही करील. सव्वादोन इंचांच्या नळीपेक्षां तीन इंचांच्या नळीचें क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडें अधिक भरतें. तितकाच धूर तितक्या रुंद वाटेनें जाऊं लागला कीं वेग मंदावतो, आणि कमी फेऱ्यांवरचा जोर जातो. शर्यतींत इंजिन सहा हजार फेऱ्यांवर पळविणाऱ्यास ती नळी योग्य. भाजी आणावयास जाणाऱ्यास नव्हे. आमची गाडी ३०२ घन इंचांची, आणि तिचें आयुष्य बाजार व महामार्ग यांवर जावयाचें. तेव्हां नळ्या सव्वादोन इंचांच्या ठरल्या.

सायलेन्सरांचे मुख्य प्रकार दोन. एकांत भोंकें पाडलेली सरळ नळी व तिच्याभोंवतीं कांचेची लोकर असते. ती बारीक कर्कश आवाज शोषते, खालचे जाड आवाज तसेच जाऊं देते, आणि लोकर जळून उडाली कीं वर्षागणिक मोठ्यानें बोलूं लागते. दुसऱ्यांत कप्पे असतात, व त्यांत लाटा एकमेकींवर आपटून विरतात. आम्हीं लांब, कप्प्यांचे घेतले.

धातूविषयीं एक सूचना. एक लिटर पेट्रोल जळलें कीं जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतें. जवळच्या फेरींत नळी पुरती तापत नाहीं, तें पाणी आंतच सांचतें व गंज आंतून लागतो. बाहेरून हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेलें मीठ असतेंच. ॲल्युमिनियम चढविलेलें पोलाद स्वस्त, पण अशा मुलखांत अल्पायुषी. ४०९ क्रमांकाचें गंजरोधक पोलाद मध्यम, ३०४ क्रमांकाचें उत्तम व महाग. पहिल्यास लोहचुंबक चिकटतें, दुसऱ्यास सहसा चिकटत नाहीं; दुकानांत जातांना खिशांत चुंबक असावें.

नव्या गाडीवाल्यांना मात्र इतकें स्वातंत्र्य नाहीं. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यामुळें १९७५ सालच्या गाड्यांपासून तिकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो काढून टाकणें बेकायदा आहे. त्याच्या मागच्या नळ्या बदलतां येतात, पण त्यालाही आवाजाची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियांत साध्या मोटारीस ती ९५ डेसिबल आहे. आणि २०१८ च्या मस्टँगमध्यें तर ठरलेल्या वेळीं गाडी सुरू होतांना आवाज सुमारें १० डेसिबलनें कमी ठेवण्याची सोय खुद्द कंपनीनेंच दिली. १० डेसिबल उतरले म्हणजे ध्वनीची शक्ति दहावा हिस्सा राहते, आणि कानास आवाज निम्मा वाटतो. कंपनीच्या लोकांनाही शेजारी असतात, हें उघड आहे.

नव्या नळ्यांनीं चौकांतला जोर परत आला. पण साठ मैलांना थोडा घुमारा राहिलाच. तेव्हां इंजिनाचे फेरे मिनिटास २२५०, म्हणजे सेकंदास १५० स्फोट. शाळेंत नादकांटा व पाण्याची नळी घेऊन अनुनादाचा प्रयोग मीं तीस वर्षें करून दाखविला आहे. एका टोकास बंद अशी आडनळी लहरीच्या पाव लांबीइतकी करून जोडावी. तींतून परतणारी लहर मूळच्या लहरीस नेमकी उलट पडून तिला मारते. मीं मोठ्या ऐटींत हिशेब केला: ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मीटर, म्हणून नळी ५७ सेंटिमीटर. नातवानें दोन कापून जोडल्या. घुमाऱ्यास कांहीं झालें नाहीं!

रात्रीं अंथरुणांत चूक लक्षांत आली. मीं वर्गांतली हवा धरली होती. गाडीच्या नळींतील वायु ३०० अंशांच्या आसपास तापलेला. त्यांत ध्वनि सेकंदास सुमारें ४८० मीटर धांवतो. ४८० ला १५० नें भागून चौथा हिस्सा घेतला म्हणजे ८० सेंटिमीटर येतात. सकाळीं नातवास ही चूक सांगतांना मला, खरें सांगतों, जड गेलें. तो हंसला नाहीं. "आजोबा, अजून पत्रा शिल्लक आहे," एवढेंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं महामार्गावर साठ मैलांस गाडी नेली. पुढून गुरगुर येत होती, आंत घुमारा नव्हता, आणि मागें बसलेली माझी मुलगी हळू आवाजांत कांहीं बोलली तें मला ऐकूं आलें. परततांना गल्लीच्या तोंडाशीं नातवानें पाय उचलला, व परिचारिकेच्या घरावरून गाडी हळूच नेली.