राजूरचं कार्यालय आणि पाड्याची ग्रामसभा

कोल्हारच्या पुलाखालून वाहणारी प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. तिकडं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. त्यांचा शासनाशी नेहमीचा संबंध येतो तो राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून. आश्रमशाळा, वसतिगृहं, शबरी घरकुलं, सगळं प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलावर. त्यांच्या वर नाशिकचे अपर आयुक्त.

पण कारभार एवढाच नाही. तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणजे त्यांना 1996 चा पेसा कायदा, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा, लागू. राज्याचे नियम आले 2014 मध्ये, तब्बल अठरा वर्षांनी! या नियमांनुसार एखादा पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. गौण वनोपज, गावचा बाजार, सावकारी, दारूचं दुकान यांबाबत तिचा शब्द चालतो, निदान कागदावर तरी. 2015 पासून आदिवासी विकासाच्या निधीतला पाच टक्के वाटा पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो कशावर खर्चायचा, हे ग्रामसभेनं ठरवायचं. माझ्या मते, खरं बघायचं ते इथं: खर्चाच्या आराखड्यावर सभेत वाद झाला, की तयार कागदावर नुसत्या सह्या घेतल्या?