परभणीची थंडी इंग्रजीत कशी सांगायची?

स्वेटर घातलाय ना? 2018च्या डिसेंबरअखेर आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमान 3 अंशांपर्यंत उतरलं होतं. एवढी थंडी आपली, पण पोरांच्या इंग्रजी गोष्टींत हिवाळा म्हटलं की स्नो, स्नोमॅन आणि स्कीइंग!

माझ्या शिकवणीतल्या सातवीच्या एका मुलानं एकदा वाक्य केलं, 'स्नो फेल अँड अवर व्हीट स्लेप्ट.' वर्ग हसला. खरं सांगतो, मीपण हसलो. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोरगं आडव्या झालेल्या घरच्या गव्हाबद्दल सांगत होतं. गारेला 'हेल' म्हणतात, एवढंच मी सांगायला पाहिजे होतं. नंतर वर्षभर तो वर्गात इंग्रजीचा एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून मी शिवारातून सुरुवात करतो. दव म्हणजे ड्यू. तुरीचा फुलोरा गाळणारी धुई म्हणजे फॉग. हुडहुडी भरली तर 'आय अ‍ॅम शिव्हरिंग'. आणि हे नीट ऐका. 'मला थंडी वाजतेय' म्हणजे 'आय अ‍ॅम कोल्ड'. 'आय हॅव अ कोल्ड' म्हणालात तर समोरचा काढा घ्यायला सांगेल, कारण ती सर्दी झाली!

कपड्यांचं बघा. आपण स्वेटर घालतो, मफलर गुंडाळतो, शाल पांघरतो. इंग्रजीत या सगळ्याला 'पुट ऑन' चालतं. ते अंगावर असलं की मग 'वेअर'. 'आय पुट ऑन माय स्वेटर अ‍ॅट फाइव्ह. आय अ‍ॅम स्टिल वेअरिंग इट.' गोधडीला क्विल्ट म्हणा. मी आपलं गोधडीच म्हणतो.

खेळात 'प्ले' सगळीकडं लावू नका. कबड्डी 'प्ले' करतात, पण पळायला जाणं म्हणजे 'गो रनिंग', आणि जोर मारणं म्हणजे 'डू पुश-अप्स'. पोलीस भरतीवाल्या पोरांना हे लगेच कळतं, रोज पहाटे तेच करतात ना.

तो गव्हावाला मुलगाही आता भरतीची तयारी करतोय. मागच्या आठवड्यात पहाटे रस्त्यावर भेटला, 1600 मीटरचा सराव संपवून धापा टाकत होता. समोरचं झाड दिसत नव्हतं. मी म्हटलं, "काय रे, कसं काय वातावरण?"

"फॉग आहे सर," तो म्हणाला. "हेल नाही पडली म्हणजे झालं."