मस्टरवर काय लिहिलंय?
(महिला मेळाव्यातील भाषण)



भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी ६ वर्षं हेल्पर होते. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या अशी कामं. अँगल उचलून आणायचे, वेल्डिंग झालं की वरची स्लॅगची खपली हातोडीनं उडवायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, रेड ऑक्साइड मारायचा. होल्डर मात्र पुरुषांच्या हातात. का, तर म्हणे ताकद लागते! अँगल वाहताना माझी ताकद कुणाला दिसली नाही. होल्डर आणि रॉड मिळून किलोभरही भरत नाहीत.

मग शेजारणीला घेऊन मी संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. पहिल्या दिवशी रॉड सारखा पत्र्याला चिकटायचा. मास्तर म्हणाले, काडी ओढतो तसा ओढा आणि लगेच जरासा उचला. रॉड ३.१५ मिलिमीटरचा, करंट शंभर-सव्वाशे अँपिअर. रॉड आणि पत्रा यांत अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढं ठेवायचं. रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे नेतानाच खालीही आणायचा. यात ताकद कुठे आली? हात स्थिर हवा आणि सवय हवी.

नंतर गॅस कटिंग. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं, ॲसिटिलीनचं तपकिरी-लाल. ॲसिटिलीनच्या आट्या उलट्या, म्हणजे नळ्यांची अदलाबदल होत नाही. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही, आग लागते. डोक्याला तेल लावून येणाऱ्या आम्ही, आधी साबणानं हात धुवायला शिकलो. नायलॉनची साडी बंद केली. ठिणगीनं ती अंगाला चिकटते. सुती पँट-शर्ट घातला, तर गल्लीत चार दिवस चर्चा.

एकदा काच न धरताच टॅक मारला. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, उजेड सहन होईना. घरचे म्हणाले, "सांगितलं होतं ना, हे बाईचं काम नाही." मी म्हटलं, शेडमधल्या पुरुषांचेही डोळे असेच येतात, त्यांना कुणी घरी बसवत नाही. चूक काच न धरण्याची होती, बाई असण्याची नव्हती.

मालकानं मला दोन पट्ट्या जोडायला लावल्या. मग वाकवून पाहिल्या. जोड सुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वेल्डिंग करू लागले. पगार मात्र हेल्परचाच! समान कामाला समान वेतन १९७६ सालीच कायद्यात आलं, २०१९च्या वेतन संहितेतही ते आहे. पण मस्टरवर 'हेल्पर' लिहिलेलं असेल, तर समान काम दाखवणार कसं? आम्ही दोघी मालकाकडे गेलो. एकदा नाही, चार महिने जात राहिलो. आता माझ्या नावापुढे 'वेल्डर' आहे. दर वाढला, पण पुरुषांएवढा अजून नाही. ते भांडण चालू आहे.

आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, आठवी पास असलं तरी चालतं. मुलींना पाठवा, स्वतःही चौकशी करा. जाताना एकटीनं जाऊ नका, सोबत एखादीला घ्या. आणि कामाला लागलात की पहिल्या पगाराच्या आधी मस्टर मागून बघा. आपल्या नावापुढे काय लिहिलंय, ते स्वतः वाचा.