मरणाचा हिशेब जुळत नाही



आम्ही बँकेत जमा-नावे लिहिणारी माणसे. एकाच्या नावे टाकले, दुसऱ्याला जमा केले, की हिशेब जुळतो. माणसाच्या मरणाचा मात्र तसा जुळत नाही, हे आम्हाला दोन बापांच्या कहाणीतून कळले.

रामी एल्हनान इस्रायली. १९९७ साली जेरुसलेममधल्या आत्मघाती स्फोटात त्यांची तेरा वर्षांची स्मदर गेली. बस्साम अरामिन पॅलेस्टिनी. २००७ साली इस्रायली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीने त्यांची दहा वर्षांची अबीर गेली. खटला कोणावरच भरला गेला नाही. २०१० साली दिवाणी न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले.

दोन्हीकडच्या, जिवाची माणसे गमावलेल्या कुटुंबांची ‘पेरेंट्स सर्कल’ ही संस्था १९९५ सालची. तिथे हे दोघे एकत्र काम करू लागले. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचा गाझातला संहार, एवढे होऊनही ती संस्था मोडली नाही.

सूड नको, पण इस्रायलचा ताबाही संपला पाहिजे, असे दोघेही म्हणतात. न्यायाशिवाय नुसत्या गळाभेटीने शांतता येत नाही.

मंडळी, आपण बाजू कोणतीही घेऊ. मेलेले मूल कोणाचे, हे विचारून हळहळू नये. मानवी हक्कांची सुरुवात तिथूनच होते.