लाहोरहून दिल्लीस

सुतार गाव सोडतो तेव्हा रंधा, पटाशी आणि करवत बरोबर घेतो व नव्या गावी दुसऱ्या दिवशी कामाला लागू शकतो. चित्रकाराची रंगपेटीही तशी हलकीच असते. पण त्याची खरी मिळकत मागे राहते. चित्रे पाहावयास येणारे चार जाणकार, एखादे विकत घेणारा रसिक, शिकावयास येणारी मुले आणि हक्काने वाद घालणारे समव्यवसायी, ही ती मिळकत होय. ती गाठोड्यात बांधता येत नाही. भवेशचंद्र सान्याल ह्या चित्रकार-शिल्पकाराला ती आयुष्यात दोनदा मुळापासून उभी करावी लागली.

सान्याल यांचा जन्म १९०१ साली आसामात दिब्रुगड येथे झाला, कलाशिक्षण कलकत्त्यास. १९२९ साली लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. त्या निमित्ताने लाला लजपतराय यांचा अर्धपुतळा घडविण्यासाठी ते तेथे गेले, आणि कामापुरता गेलेला हा माणूस अठरा वर्षे तेथेच राहिला. मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी अध्यापन केले. १९३६ मध्ये ती नोकरी सुटली. पद गेले की पदामुळे नमस्कार करणारे लोकही पांगतात, हा अनुभव काही कलावंतांपुरता नाही. परंतु सान्यालांनी स्वतःची कलाशाळा काढली, आणि शहरातील कलावंत व रसिक यांचे ते भेटण्याचे एक ठिकाण झाले.

फाळणीने हे सारे संपविले. दिल्लीस आले तेव्हा सान्याल ४६ वर्षांचे होते. ह्या वयाचा नोकरदार माणूस निवृत्तिवेतनाचे आकडे मांडू लागलेला असतो. राजधानी निर्वासितांनी भरून गेली होती. जेथे माणसांच्या डोक्यावर छप्पर नाही, तेथे चित्र घेणार कोण आणि लावणार कोणत्या भिंतीवर? कलासंस्था मुळीच नव्हती असे नव्हे. ऑल इंडिया फाइन आर्ट्स अँड क्राफ्ट्स सोसायटी १९२८ पासून होती. पण तिची चाकोरी तरुण चित्रकारांना जाचू लागली होती. ललित कला अकादमी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही दोन्ही १९५४ ची. म्हणजे सरकारचे दार उघडावयास अद्याप सात वर्षे होती.

सान्याल त्या दारापाशी थांबले नाहीत. गोल मार्केटमध्ये जागा मिळवून त्यांनी आपली कार्यशाळा मांडली. पुढे १९४९ साली काही सहकाऱ्यांसह त्यांनी 'दिल्ली शिल्पी चक्र' स्थापन केले. कंवल कृष्ण, धनराज भगत आणि प्राणनाथ मागो त्यांत होते. आणखी एक नाव मराठी श्रोत्यांना जवळचे वाटेल, ते के. एस. कुलकर्णी यांचे. बेळगावचे कुलकर्णी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून फाळणीच्या आधीच दिल्लीत आले होते. म्हणजे मंडळीत निर्वासित होते तसे पोटापाण्यासाठी आलेलेही होते. दिल्ली मात्र सर्वांनाच सारखी परकी. कनॉट प्लेसमधील 'धूमिमल' ह्या लेखनसाहित्याच्या दुकानाच्या मालकांनी त्यांना जागा देऊ केली. कला जीवन उजळते, असे चक्राचे ब्रीद होते. एरवी ते भाबडे वाटले असते. निर्वासितांच्या छावण्या नजरेसमोर असताना ते घेण्याला धैर्य लागले असले पाहिजे. सान्यालांच्या त्या काळातील चित्रांत उजेड फारसा नाही. घर हरवलेली, एकाकी, खचून बसलेली माणसे त्यांत येतात.

नव्या शहरात कलावंत प्रथम गिऱ्हाईक शोधतो, आणि त्यात गैर काही नाही. सान्यालांनी आधी बैठक जमविली. तिची किंमतही त्यांना द्यावी लागली. १९५३ पासून दिल्ली पॉलिटेक्निकच्या कलाविभागात अध्यापन, १९६० ते १९६९ ललित कला अकादमीचे सचिवपद! सभांची इतिवृत्ते लिहिताना मातीत हात घालावयास कितीसा वेळ उरणार? त्यांनी उभ्या केलेल्या संस्था पाहताना, न घडलेल्या शिल्पांचा हिशेबही मनात येतो.

पुढे अकादमी व खाजगी कलादालने आली, आणि चक्र हळूहळू मंदावले. सान्याल २००३ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. लाहोरात त्यांची १८ वर्षे गेली होती, दिल्लीत ५६.